सुई दिलेल्या म्हशीचं दूध

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर, मेलेल्या सासूवर, जळायची पाळी माझ्यावर आली, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर दुसरीतून उठवलेल्या बाईचं आहे. तुम्हाला वाचता येतच नव्हतं, तेव्हा चुका काढायची सोय तुम्हाला न्हाई, हे एक बरं.

मागच्या आठवड्यात औरंगाबादला माझ्या नातीची शेवटची परीक्षा झाली. तुम्ही तिला पाहिलीच न्हाई, तुमच्यामागं जन्मली ती. ही परीक्षा सगळ्यांदेखत होते. पोरगी उभी राहून बोलते अन् साहेब लोक तिला विचारतात. मी मागच्या खुर्चीवर लेकाशेजारी बसले होते, चपला काढून. माणसाला, ढोराला दिलेलं औषध मुतावाटे बाहेर पडतं, वढ्यात-विहिरीत उतरतं अन् गाळून जात न्हाई. ते पाण्यातून काढायचं, हे तिचं काम. लोखंडाच्या काळ्या दगडाची भुकटी पाण्यात टाकायची अन् जखम धुताना फेसाळतं ना, ते पाण्यासारखं औषध वरून ओतायचं. दगडापाशी आलं की त्याला जोर चढतो अन् पाण्यात उतरलेल्या औषधाचे ते तुकडे तुकडे करतं. मी घरीच तिला विचारलं होतं, मंग दगडाचं काय होतं? म्हणाली, "काही न्हाई आजी. धुवायचा अन् परत वापरायचा. फेसाचं तेवढं संपून जातं." मी मनात म्हटलं, हे तर आपलंच घर. तुम्ही बाजेवर बसून सगळ्यांना कामाला लावलं अन् जशाच्या तशा राहिलात. फेस माझा झाला.

तर एका साहेबानं विचारलं, हा विषय तुला सुचला कसा? पोरगी हसून म्हणाली, "माझ्या पणजीमुळं, सर." मंग तिनं ती म्हशीची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट तुम्हाला आठवती का, आत्याबाई? मला कालच्यासारखी आठवती. म्हशीची कास सुजलीय, भोकरदनहून ढोरांचा डॉक्टर येऊन सुया देऊन गेलाय. माझ्या पोराच्या सोयरिकीला पाहुणे येणार, कढीचा बेत ठरलाय. मी सांजच्याला विरजण लावते अन् सकाळी बघते तर गाडग्यात दूध जसंच्या तसं, पातळ. भरल्या ओसरीत तुम्ही म्हणता, "हिचा हातच तसला. सून आणाया निघाली अन् दही लावाया येईना." पाहुणी बाई तोंडाला पदर लावून हसते. मी आतून म्हणते, "हात न्हाई, आत्याबाई. सुई आलीय दुधात. म्हशीच्या अंगात गेलेलं कधी ना कधी बाहेर पडणारच." तुम्ही म्हणता, "गप बस, डॉक्टरीण." पुढं सुया थांबल्या, म्हशीच्या अंगातलं औषध उतरलं, अन् त्याच हातानं लावलेलं दही सुरीनं कापावं असं लागलं. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत.

आता पोरीनं साहेबांपुढं काय सांगावं? "आजीला वाटत होतं, आपला हातच वाईट. पणजी म्हणाली, हात न्हाई, सुई आलीय दुधात." सगळी खोली हसली. पोरगी माझ्याकडं बघून मायेनं हसली. मीही हसले, काय करता.

तिचा दोष न्हाई. तिची माय शेतात जायची, भरवायची मीच. घास घेईना, की तुमची गोष्ट काढायची. मेलेल्या माणसाची गोष्ट पोरांना गोड लागती, समोर भाकरी थापणारीचं कोण ऐकतं? मंग शहाणपणाचं बोलणं तुमच्या तोंडी घातलं अन् बावळट सून केली मला. पोरगी आ करायची. तेवढ्यापुरतं काम झालं होतं. ती पोर हे सगळं डोक्यात ठेवून मोठी होईल, त्यावर एवढी शिकेल, हे मला कुठं ठाऊक.

परत येताना जीपमध्ये तिनं विचारलं, "आजी, पणजी लई हुशार होती ना गं?" तोंडापाशी आलं होतं. पण आत्ताच ती सगळ्यांपुढं तुमचं नाव घेऊन आलेली, तिला खोटं पाडावं कसं? "तोंड लई चालायचं तिचं," एवढंच बोलले. पोरीला तेही कौतुकच वाटलं.

हा कागद आता चुलीत घालते, तुमचा पत्ता असता तरी घातला असता. पण एक सांगते. तिनं परत विचारलं तर मी सगळं खरं सांगून टाकणार आहे, अन् ती सुट्टीला आल्यापासून तिनं विचारावं म्हणून रोज तिच्याजवळ जाऊन बसून राह्यले.