कमठ्याची वाटणी होणार नाही

मी, कुशाबाई जानकू असवले, वय अदमासे बासष्ट, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे मढ, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, आज घोडेगाव मुक्कामी हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी आमिष दाखवलेलं नाही. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे की माझी बुद्धी शाबूत आहे. रागाबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. तोही शाबूत आहे.

जुन्नर जवळ असताना ही बाई दोन एसट्या बदलून घोडेगावला का आली, असं कोणी विचारेल. जुन्नरच्या कचेरीत माझ्या दोन्ही मुलांचं चहापाणी चालतं. मी घरी पोचायच्या आत कागदातला मजकूर घरी पोचला असता. हा कागद इथले वकील बुद्धभूषण रोकडे यांनी मी सांगितला तसा उतरवला आहे. माझी भाषा त्यांनी सरळ केली. माणसं जिथे बोलली आहेत तिथे मात्र मी त्यांना हात लावू दिला नाही.

माझे पती जानकू कोंडाजी असवले शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, सन १९९४ मध्ये, वारले. मला दोन मुलगे. थोरला सुदर्शन, वडापची जीप चालवतो. धाकटा आदेश, माळशेजच्या रस्त्यावर एका हॉटेलात कामाला आहे. दोघांची लग्नं झाली. गेल्या दसऱ्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. हे मृत्युपत्र त्या दसऱ्यामुळेच करावं लागत आहे.

१. माझ्या हिश्शाची जमीन, म्हणजे ओढ्याकाठची भाताची खाचरं आणि वरचं वरकस रान, दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. जमीन खुशाल तोडा. बांध घातला तरी दोन्हीकडे भात येतो. हिरड्याची झाडं मात्र तोडू नका; ज्याच्या वाट्यात येतील त्याने दुसऱ्यालाही हिरडा वेचू द्यावा.

२. राहतं घर सुदर्शनला, कारण त्याला माणसं जास्त. आदेशने गोठ्याची जागा घेऊन तिथे बांधावं. म्हैस आदेशच्या बायकोला. ती म्हैस दुसऱ्या कोणाला दूध देत नाही, तेव्हा या बाबतीत माझं मत कोणी विचारलेलंच नाही. गळ्यातली पुतळ्यांची माळ सुदर्शनची बायको श्रेया हिला. दसऱ्याच्या दिवशी सगळे ओरडत होते तेव्हा पाणी तापवायला ठेवणारी तीच एकटी होती.

३. छोटा तराजू, रंधा, तीर सरळ करायचा दगड आणि पिसं बांधायचा दोरा. ही हत्यारं कोणाला ते कलम सातमध्ये येईल, पण तराजूबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे सासरे, कोंडाजी मामंजी, कमठे करत. कमठा म्हणजे धनुष्य, हे वकिलांसाठी. त्यांचे मुलगे त्यांच्याजवळ बसत नसत, म्हणून त्यांनी सुनेला शिकवलं. ते प्रत्येक तीर या तराजूत टाकत, दुसऱ्या पारड्यात हळकुंडं. त्यांच्या मोठ्या कमठ्याला पाच हळकुंडांचा तीर, भरीव बांबूचा, पातं धरून. मी एकदा विचारलं, हलका का नको, लांब जाईल की. तर म्हणाले, "पोरी, तीर हलका आसला तर कमठ्याचा जोर त्यो घिऊन जात न्हाई. जोर मागंच ऱ्हातो. मग कमठा येक दिस तोंडावर फुटतो. आन तीर जातो सुसाट, पन जनावराच्या आत न्हाई जात. निस्ता चिडवून येतो." तसंच कमजोर कमठ्याला जड तीर लावला तर तो आपल्याच पायापुढे माती खातो. कमठा आणि तीर एकमेकांना तोलून केलेले असतात. ही एवढी साधी गोष्ट पाच पंचांना कळली नाही.

४. मामंजी गेल्यावर सन १९९१ मध्ये दोन भावांची वाटणी झाली. थोरले माझे दीर सोपान, धाकटे माझे पती. भांडी झाली, गुरं झाली, राहिला मामंजींचा कमठा आणि त्याचे तीर. पंचांनी पान लावलं आणि निवाडा दिला: तोलाला तोल, कमठा थोरल्याला, तीर धाकट्याला. मी दारातून बोलले, "आवो, जातं वाटताना वरची तळी येकाला आन खालची येकाला देत्यात का?" पंचांतला एक म्हणाला, "बाय, तू आत व्हय. पावणं जेवायचं थांबल्यात." सगळे हसले. त्यांची नावं मी लिहिणार होते. पाचांपैकी चार वारले आहेत आणि पाचव्याला आता स्वतःचं नावही आठवत नाही, म्हणून सोडून देते.

दोघे भाऊ हट्टी. सोपानभाऊजींनी बापाच्या जबर कमठ्याला कारवीचे तीर केले. कारवी सरळ मिळते, फुकट मिळते आणि वजनाला काडी. माझ्या मालकांनी बापाच्या जड तिरांसाठी ओल्या बांबूचा कमठा वाकवला, तो महिन्यात मऊ पडला, तरी तोच वापरत राहिले. मी दोघांनाही सांगितलं. मालक म्हणाले, "त्येच्या दारात मी तीर घिऊन जाऊ व्हय? त्यो यील कमठा घिऊन." भाऊजींनीही त्यांच्या घरी हेच सांगितलं असणार.

तीन वर्षांनी, १९९४ च्या धुळवडीला, हरभऱ्यात डुक्कर उतरलं. या ठिकाणी वकिलांनी हात जोडले की बाई, रानडुक्कर मारणं गुन्हा आहे, हे कागदावर नको. मी म्हटलं, लिहा. मारलेलं नाहीच, त्यानेच मारलं. आणि मेलेल्या बाईला वनखातं कुठे घेऊन जाणार?

मी बांधावर पत्र्याचा डबा बडवत उभी होते. मी सगळं पाहिलं. डुक्कर हरभऱ्यातून निघालं, भाऊजींनी ओढून सोडला. नेम चांगला होता, ते मी नाकारत नाही. फऱ्यात, म्हणजे खांद्याच्या मासात, बसला. पण कारवीचा तीर, दोन बोटं आत गेला आणि मोडला. जनावर तिथेच गरकन वळलं आणि माझ्या मालकांवर आलं. मालकांनी बापाचा तीर लावला, तो जड तीर मऊ कमठ्यातून निघाला आणि डुकराच्या पुढे मातीत रुतला. दुसरा लावायला वेळ मिळाला नाही. सुळा जांघेत शिरला आणि गुडघ्यापर्यंत फाडत आला. आत दोरखंड असतो तसं काहीतरी बाहेर आलं. मी डबा टाकून धावले, पदर कोंबला, भाऊजींनी पागोटं कोंबलं, दोन्ही भिजून गेलं. जीप जुन्नरच्या अलीकडे होती तेव्हा ते गेले. माझ्या मांडीवर गेले. रक्त वाळल्यावर लुगडं मांडीला चिकटलं होतं, ते सोलून काढावं लागलं.

खरा कमठा त्या वावरात होता. खरे तीरही त्याच वावरात होते. दोन भावांमध्ये हाकेचं अंतर होतं. म्हणून मी म्हणते, माझ्या नवऱ्याला डुकराने मारलं नाही, वाटणीने मारलं.

५. घरातलं खैराचं मुसळ मी माझे दीर सोपान कोंडाजी असवले यांना देते. ते त्यांच्या ओळखीचं आहे. दहावा झाल्यावर ते दारात आले आणि म्हणाले, "कुशाबाय, तीर लागला व्हता गं. म्या चुकलो न्हाई." मी विचारलं, "कितीक आत?" मग मी मुसळ घेतलं. पहिला तडाखा खांद्यावर बसला, गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मलाही आला. दुसरा त्यांनी हातावर घेतला. त्यांनी मला अडवलं नाही, शिवी दिली नाही, फिर्याद दिली नाही. मोडका हात धरून घरी गेले आणि चांगल्या हाताने कमठा आणून माझ्या ओट्यावर ठेवला. तेव्हापासून कमठा आणि तीर माझ्या घरात एकत्र आहेत. भाऊजींना मी क्षमा केलेली नाही. पण त्या दिवशी त्यांनी कमठा आणला, हे माझ्या मुलांनी लक्षात ठेवावं.

६. आता गेल्या दसऱ्याची गोष्ट. नवरा गेल्यावर रान राखायला मी स्वतः उभी राहत असे. माझा हात आखूड. मामंजींचे तीर मला लांब पडत, म्हणून माझ्या हाताच्या मापाचे वेगळे तीर मी करून घेतले, वजन तेच, लांबी कमी. ते याच कमठ्याशेजारी टांगलेले असतात.

पूजा झाली आणि आदेश म्हणाला, हॉटेलच्या शेठला भिंतीवर लावायला आपला कमठा हवा आहे, मी शब्द दिला आहे. मी तोंड उघडायच्या आत सुदर्शन उठला.

"बापाचा जीव ग्येला त्येच्यापायी, आन तू भितीवर टांगनार?"

"तुला काय त्येचं? जीपच्या काचंवर लिवलंस की बापाचं नाव, तेवडं बास की राव."

सुदर्शनने कमठा खाली घेतला. हाताला लागला तो तीर लावला आणि भावाच्या छातीवर धरला. धाक दाखवायला धरला असेल असं मला वाटलं. नंतर त्याचे डोळे पाहिले. माझा थोरला उंच आहे, बापापेक्षा वीतभर जास्त. त्याने पुरता ओढला. तीर माझ्या मापाचा होता. ओढता ओढता पातं कमठ्याच्या आत आलं, मुठीच्या मागे, आणि त्याने सोडला. तीर पुढे गेलाच नाही. सुदर्शनच्या डाव्या हातात, अंगठ्याच्या बुडातून शिरला आणि तळव्यातून बाहेर आला. हात कमठ्याला खिळला गेला. श्रेया किंचाळली. पूजेच्या पाटावर, झेंडूवर, सगळीकडे रक्त.

आदेश पळून गेला नाही. त्याने सदरा फाडला, दाताने दोरी तोडली, तीर मोडून हात सोडवला आणि बांधला. बांधता बांधता त्याने विचारलं, "दादा, मारनार व्हतास मला?"

सुदर्शन म्हणाला, "व्हय."

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. सुदर्शनचा अंगठा आता मिटत नाही. गिअर तो तळव्याने टाकतो. तीर माझ्या मापाचा नसता, त्याच्या मापाचा असता, तर आज मला एकच मुलगा असता आणि तोही येरवड्याला. लोक म्हणतात देवाने वाचवलं. मला त्यातलं कळतं, म्हणून सांगते, वीतभर कमी लांबीने वाचवलं. पुढच्या वेळी तीर पुरेल.

७. म्हणून कमठा, मामंजींचे सर्व तीर, माझे तीर आणि कलम तीनमधली हत्यारं. माझ्या मनात होतं की सगळं माझ्याबरोबर सरणावर ठेवायला सांगावं. पण दोघांच्या मनातला कमठा त्याने जळणार नाही. तेव्हा हे सर्व, एकही तीर वेगळा न करता, आदेशला मिळावं. वकिलांच्या आग्रहावरून लिहिते की ते फक्त दसऱ्याच्या पूजेसाठी आहे. बरं, पूजेसाठी. विकायचं नाही, टांगायचं नाही.

मात्र एक अट आहे. ती पुरी झाल्याशिवाय कमठा आदेशचा होणार नाही. माझ्या बाराव्याच्या आत, उन्हात, अंगणात, दोन्ही सुनांसमोर, सुदर्शनने भरीव बांबूची नवी काडी घ्यावी आणि भावाच्या हाताचा तीर मापून द्यावा. काडीचं बूड आदेशच्या छातीच्या मधल्या हाडावर टेकवावं. आदेशने दोन्ही हात काडीच्या दोन बाजूंनी पुढे ताणावेत. बोटं जिथे संपतील तिथून पुढे आणखी चार बोटं सोडून खूण करावी आणि तिथे कापावं. ती चार बोटं सुदर्शनने आपल्या डाव्या हाताची लावावीत. अंगठा गेला तरी बोटं शाबूत आहेत. याहून आखूड कापायचं नाही. थोडा लांब राहिला तर तीर नुसता आळशी होतो, आखूड राहिला तर धन्यावर उलटतो.

हे माप एकट्याला घेता येतं. मी माझं भिंतीला टेकून घेतलं होतं. तरी तुम्ही ते एकट्याने घ्यायचं नाही. दोघांपैकी कोणीही नकार दिला तर कमठ्याचे तुकडे करून माझ्या बाराव्याच्या चुलीत घालावेत, आणि जेवायला येतील त्यांना त्याचं कारण वाचून दाखवावं.

सुदर्शन, तुझ्या हातात पुन्हा तीर असेल आणि पुढे पुन्हा तोच भाऊ असेल. तू त्याला "व्हय" म्हणाला होतास. आता काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. आदेश, तुला छाती पुढे करावी लागेल. भीती वाटेल, तरी कर. काडी कापून झाली की कमठाही तुझा आणि तीरही तुझे, आणि तुझा भाऊ तुझ्यासमोर मोकळ्या हाताने उभा असेल. तिथून पुढे मला काही लिहिता येत नाही. मी तुमची आई आहे, आणि त्या दिवशी मी नसेन.

हा कागद मला मोठ्याने दोनदा वाचून दाखवला. मी सांगितलं तेच त्यात आहे. खाली साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

सही: कुशाबाई जानकू असवले

साक्षीदार:
१. बुद्धभूषण धर्मा रोकडे, वकील, राहणार घोडेगाव
२. चिमाबाई लक्ष्मण भालचिम, शेजारीण, राहणार मढ (डाव्या अंगठ्याची निशाणी)

ठिकाण: घोडेगाव, तालुका आंबेगाव
दिनांक: १२ फेब्रुवारी २००७