दुसऱ्याच्या हातचं गोड

आई, काल मी दहा-बारा अनोळखी माणसांना घेऊन गिरगावात फिरले आणि तुझ्या गोष्टी सांगत सगळ्यांना खरवस खायला घातला. तू असतीस तर म्हणाली असतीस, निवृत्त झाल्यावर बाया देवळात जाऊन बसतात, ही बया हॉटेलात जाऊन बसते. पण आता शहरात ही नवी टूम निघाली आहे. लोक पैसे भरून आपल्याच शहरात पायी फिरतात, कुणीतरी पुढे चालत माहिती सांगतं आणि मध्ये मध्ये सगळे मिळून काहीबाही खातात. बाबांच्या गिरणीच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यातल्या एकात राहणारी एक मुलगी असे फेरफटके काढते. मी बँकेत होते तेव्हापासूनची आमची ओळख. बोलता बोलता तिला कळलं, की माझी आई लालबागला गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची, आणि मग तिने माझा पिच्छाच पुरवला.

तिचा बेत असा होता. चाळीतली एक खोली भाड्याने घ्यायची, स्टोव्ह मांडायचा, लोकांना जमिनीवर मांडी घालून बसवायचं, मी त्यांना बांगड्याचं तिखलं आणि भात वाढायचा आणि वाढता वाढता तुझे कष्ट सांगायचे. भायखळ्याच्या बाजारातून पहाटे डोक्यावरून आणलेली भाजी, धुराने लाल झालेले डोळे, मनगटावरचे चटके. "ताई, लोक रडतील," ती म्हणाली. पोरगी मनाने चांगली आहे, तिला तुझ्याबद्दल आदरच वाटत होता. तरी माझं डोकं फिरलं. का फिरलं ते मला लगेच सांगता येईना, कारण ती बोलत होती त्यातलं खोटं काहीच नव्हतं. तू हे सगळं केलंस. घरी आल्यावर चहा घेताना लक्षात आलं. हे असं एकदा सांगून झालं, की तू कायमची त्या स्टोव्हपाशीच उभी राहशील, मेल्यावरसुद्धा तुझ्या हातातली पळी सुटणार नाही. आणि मला तर रविवारची तू ठाऊक होतीस.

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, हा तुझा कायदा होता. जेवणारे त्या दिवशी नात्यातल्या कुणाकडे जायचे नाहीतर पाव-भजीवर भागवायचे, आणि सुरुवातीला त्यांनी कुरकुर केली तेव्हा तू सरळ दुसरी खानावळ बघा म्हणून सांगितलं होतंस. दुपारच्या मटणाची भांडी घासून पालथी पडलेली असतात. खाली मसाल्याच्या डंकात मिरची कुटली जात असते, सगळी चाळ शिंकत असते. तू तोंड धुतेस, घडीचं पातळ नेसतेस, पावडर लावतेस आणि मला म्हणतेस, चल. कुठे ते जिना उतरताना ठरायचं. आठवडाभर भाजी घेता घेता तू बाजारातल्या माणसांना विचारून ठेवलेलं असायचं, तुमच्याकडे गोड चांगलं कुठे मिळतं, बसायला जागा आहे का, बायका बसतात का. मग कधी गिरगाव, कधी दादर, कधी भायखळ्याच्या इराण्याकडे मावा केक. तुझे नियमही होते. जे घरी करता येतं ते मागवायचं नाही. घाई करायची नाही. आणि पार्सल कधी म्हणजे कधी न्यायचं नाही. बाबा म्हणायचे, पोरांसाठी चार पेढे आणले असतेस तर काय बिघडलं असतं. त्यावर तू म्हणायचीस, पोरांना चालायला पाय दिलेत देवाने. दादा आणि धाकटा कधी आले नाहीत, त्यांना क्रिकेट होतं. मी मात्र एकही रविवार चुकवला नाही.

गिरगावातला तो पहिला खरवस मला चांगला आठवतो. मी सात-आठ वर्षांची असेन. संगमरवरी टेबल, समोर काचेच्या बशा, वर पंखा. खाऊन झालं आणि मी उठले, दोन्ही बशा एकात एक घातल्या, चमचे वर ठेवले आणि सांडलेलं तळहाताने पुसून घेऊ लागले. घरी हेच तर काम होतं माझं, पंगत उठली की ताटं गोळा करायची. माझी चूक झाली आहे हे मला कळलंच नाही. शेजारच्या टेबलावरची एक बाई हसली. तू माझं मनगट धरलंस. तुझी पकड जोराची होती, पण आवाज अगदी हळू.

"ठेव ता. आज आपण गिऱ्हाईक आसव."

मी बशा ठेवल्या. वेटर आला, त्याने त्या उचलल्या, फडका मारला आणि आत गेला. तो आत जाईपर्यंत तू त्याच्याकडे बघत होतीस. मग पदर सारखा केलास आणि आणखी एक खरवस मागवलास, दोघींत. त्या वयात मला एवढंच समजलं की आईला आणखी खावंसं वाटलं.

चाळीत बोललं जायचंच. समोरच्या खोलीतली काकी गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, घरात डोंगराएवढं शिजवते आणि हिला खायला बाहेर लागतं, जिभेचे चोचले नुसते. एकदा तू जिन्यात थांबलीस. मला वाटलं आता भांडण होणार. पण तू शांतपणे म्हणालीस, "शिजवतंय म्हणानच जातंय." आणि निघालीस. आई, पुढे आयुष्यात मी बरीच शिकलेली माणसं बघितली, बँकेत साहेब बघितले, पण स्वतःला काय हवं ते इतक्या थोडक्यात सांगून चालू पडणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

आणि माटुंग्याची कॉफी. आपल्या घरी कॉफी म्हणजे आजाऱ्याला किंवा पाहुण्याला, दुधात उकळून, वर जायफळ किसून. ताप आल्याशिवाय मला कधी कॉफी मिळाली नव्हती. माटुंग्याच्या त्या मद्राशी हॉटेलात पितळेच्या पेल्यात फेसाळ कॉफी आली, तू वास घेतलास आणि वेटरला विचारलंस की जायफळ घालायला विसरलात काय. तो बिचारा हसून म्हणाला, अम्मा, इसमें कुछ नहीं डालता. तू एक घोट घेतलास, थोडी थांबलीस, दुसरा घेतलास. मग मला म्हणालीस, "ही धडधाकट माणसाची कॉफी." त्यानंतर महिन्यातला एक रविवार माटुंग्याचा ठरून गेला. गिरण्यांच्या संपानंतर जेवणारे गावाला निघून गेले, खानावळ मिटली, पैसे नव्हते म्हणून आपण एकाच बशीत दोन चमचे घेऊन खाऊ लागलो, तरी रविवार काही तू मिटू दिला नाहीस.

म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, तिखलं नाही, स्टोव्ह नाही. गिरगाव, दादर, माटुंगा, तिन्हीकडे बसून खायचं, गोड आणि शेवटी कॉफी. ती गोंधळली. यात आईचे कष्ट कुठे आहेत, तिने विचारलं. मी म्हटलं, "कष्ट सगळ्यांच्याच आयांनी केले. माझी आई रविवारी बाहेर बसून गोड खायची. मी सांगेन तर हेच." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, एकदा करून बघू, लोकांना नाही आवडलं तर मात्र तिखल्यावर यावं लागेल. तेव्हा काल मी घरातून निघाले ती वाटभर बशांची गोष्ट मनात घोळवत. माझ्या बोलण्यावर तू काय म्हणून लोकांच्या लक्षात राहशील ते ठरायचं होतं.

आपलं गिरगावातलं दुकान राहिलं नाही, तिथे मोबाइल विकतात. पण दोन गल्ल्या सोडून दुसरं सापडलं आणि खरवसही बरा होता. मी बशांची गोष्ट सांगितली. कुणी रडलं नाही. एक तरुण मुलगी मात्र म्हणाली, माझी आई हॉटेलात गेली तरी सगळ्यांना वाढतच बसते. दादरला पियुष प्यायलो, तोवर लोक मला विचारू लागले होते, मग आई काय म्हणाली, मग आईने काय मागवलं. मला फार अभिमान वाटत होता, आई. तुझ्या खाण्याचा. माटुंग्याला कॉफी आली तेव्हा एका सभ्य गृहस्थांनी विचारलं, तुमच्या आईच्या हातची कुठली चव अजून जिभेवर आहे? सगळे माझ्याकडे बघू लागले. ती फेरफटकेवाली तर पुढेच सरकली, तिला वाटलं, आता येतं तिखलं.

मी खूप आठवून पाहिलं आणि खरं ते सांगितलं, की मला काही आठवत नाही. मग आई खाताना कशी दिसायची तेवढं सांगितलं. पहिला घास घेताना डोळे मिटायचे, खांदे खाली यायचे, आणि तेवढा वेळ ती कुणाचीच कुणी नसायची. जाताना ती फेरफटकेवाली म्हणाली, ताई, पुढच्या महिन्याला हाच रूट ठेवू.

हे मी लिहून ठेवते आहे, पण तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. वर्षानुवर्षं गिरणीच्या माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला, तुझ्या हातची चवच आठवत नाही, हे तिची लेक कसं कळवणार? तुझं तिखलं चांगलंच असणार, आई, एवढी माणसं काही उगाच जेवत नव्हती. मी रविवारी तुझ्याकडे बघायला येत होते.