किझायाची साक्ष

फेअरहेवन, इलिनॉय
१६ ऑक्टोबर १८३९

प्रिय लविनियाताई,

तुझे पत्र आणि सुकवलेली सफरचंदे पोहोचली. प्रकृती ठीक आहे. फिरत्या न्यायालयाचे हे पाचवे गाव. खाणावळीत खाटा अपुऱ्या, त्यामुळे आरोपीचे वकील क्रेन आणि मी एकाच खाटेवर निजतो. ते घोरतात आणि सकाळी दोष मला देतात.

तुझ्याकडे धुणे करणाऱ्या किझायाला न्याय मिळेल ना, असे तू विचारले होतेस. खटला काल संपला. स्ट्राउड सुटला.

किझायाचा नवरा आयझम नदीवर नाव चालवायचा. आपली घोडागाडी आधी पलीकडे नेली नाही म्हणून स्ट्राउडने त्याला वल्ह्याने मारले; तो तिथेच गेला. पाहणारी एकटी किझाया. ती शपथेसाठी हात वर करून उभी राहिली, तोच क्रेन यांनी कलम वाचले: गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोणत्याही दिवाणी वा फौजदारी खटल्यात ग्राह्य नाही. मी बराच वेळ पाने चाळली. पळवाट नव्हती, ते मला आधीच ठाऊक होते.

"बाई, खाली बस," मी म्हणालो.

"बसते, जज्जसाहेब. पण मी पाहिलं ते सांगू कुणाला?"

ज्युरी विचार करायला जागेवरून उठलीसुद्धा नाही; बसल्या जागी त्याला निर्दोष ठरवले. मी पुढचा खटला पुकारला.

जेवताना क्रेन मक्याची भाकरी मोडत म्हणाले, "हे कलम लिहिणारा पक्का गडी असणार. मुंगी शिरायला जागा ठेवली नाही पठ्ठ्याने." सगळे हसले. मीही हसलो, ताई.

बारा वर्षांपूर्वी मी विधानसभेत असताना या कलमाचा मसुदा समितीत माझ्यापुढे आला. त्यात फक्त दिवाणी दावे होते. त्या लोकांविषयी माझ्या मनात राग नव्हता. कलम अपुरे वाटले, एवढेच. 'वा फौजदारी' हे शब्द मी घातले. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली, आणि मला ते आवडले.

हा खटला उन्हाळ्यात नोंदला गेला, तेव्हाच मी सात आमदारांना ते शब्द काढा म्हणून लिहिले. एकाचे उत्तर आले: निवडणुकीनंतर पाहू.

किझाया सोमवारी तुझ्याकडे येईल. तिला समोर बसव आणि तिने पाहिलेले सारे शेवटपर्यंत ऐकून घे. मग ते शब्द कोणाचे, हेही तिला सांग. काल ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती. माझ्याने ते सांगवले नाही.

तुझ्या दारात येण्यास न धजणारा,
ॲम्ब्रोज