कर्नाटक दर्शन, भाकरीसह

सोलापूर, २८ नोव्हेंबर १९७४

ती. स्व. सौ. मथुराताईस,
धाकट्या रामहरीचा शि. सा. न. वि. वि.

ताई, सहल फत्ते! चादरीच्या दुकानात मापं काढणारा तुझा भाऊ गाडीभर माणसं कर्नाटकात नेऊन सुखरूप परत आणतो, हे दाजींना मुद्दाम वाचून दाखव. दिवाळीआधी माझी चेष्टा करत होते.

सगळं पाहिलं. विजापूरचा गोलघुमट तर तू पाहायलाच हवा. एका बाजूला कुजबुजलं की पलीकडे स्वच्छ ऐकू येतं. आमच्यातला एकजण सासूबद्दल काहीतरी पुटपुटला आणि समोर त्याची बायकोच उभी! ती हुबळीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. बदामीच्या लेण्यांत माकडांनी धुमाकूळ घातला. गिरसप्पाचा धबधबा पाहून बोलतीच बंद झाली. पुढे बेलूर-हळेबीड, श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, म्हैसूरचा राजवाडा, वृंदावन बागेतली रोषणाई, आणि येताना हंपी.

आईही होतीच. तिच्या भाकरीनं गाडीची शान राखली. लोक म्हणाले, रामहरी, असली सहल पुन्हा काढ. जानेवारीत दुसरी गाडी काढतो आहे.

आई हुरड्यासाठी तुझ्याकडे यायचं म्हणते, तिला पाठवतो. मुलांना गोड पापा. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
रामहरी

वैराग, ११ डिसेंबर १९७४

चि. रामहरीस,
अनेक आशीर्वाद. हे सवयीनं लिहिलं. आज द्यायची इच्छा नव्हती.

आई आली. आमच्या शाळेतल्या मुलींनी कधी बार्शीसुद्धा ओलांडलेली नाही. म्हटलं, आपली आई एवढं फिरून आली, तिच्या तोंडून ऐकवू. म्हणून तिला वर्गात नेलं. ती लाजत, पदर सावरत उभी राहिली. मुलींनी विचारलं, गोलघुमट कसा आहे? आई म्हणाली, तितं नळ लई लांब हाय. बदामी? माकडानं पीठ सांडलं. म्हैसूर? लाकडं वली हुती, डोळं चुरचुरलं. मुली हसायला लागल्या. त्यांना वाटलं आजी गंमत करते आहे. मग एकीनं विचारलं, गिरसप्पाला पाणी केवढं पडतं? आई म्हणाली, बघितलं न्हाय बाळ, आवाज आला.

रामहरी, मला वर्गात उभं राहवेना. ज्या बाईनं सहल ठरल्यापासून एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता, की बाकी काय दाखवायचं ते दाखवा, पण ते पडणारं पाणी मला बघू द्या, तिला तू तिथवर नेलंस आणि प्रवासी बंगल्यामागे चूल मांडून दिलीस! जेवणं झाली, परात घासून होते तोवर गाडीचा भोंगा वाजला म्हणे. येताना दाखवतो म्हणालास आणि येताना हंपीवरून आलास.

विजापुरात तर खानावळीत भाकरी मिळते. तिथेही आईलाच बसवलंस? तू सहलीला आई नेली नाहीस, आचारी नेलास, आणि तोही फुकटचा. दाजींना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते हसले नाहीत.

सूनबाईला व मुलांना आशीर्वाद. तुझ्यासाठी सध्या एवढंच.

मथुरा

सोलापूर, १६ डिसेंबर १९७४

ती. स्व. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे वर्गातली छडीच. पण मी तुझ्या चौथीतली पोरगी नाही, आणि एकाच बाजूचं ऐकून निकाल देणं मास्तरणीला शोभत नाही.

आईला मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. गोलघुमटापाशी विचारलं, गिरसप्पालाही विचारलं. ती म्हणाली, तुमी या बघून, माझं काय! मग काय उचलून न्यायची? आपल्या सोलापूरकरांना दोन दिवसांवर भात उतरत नाही, तुला माहीत आहे. हुबळीच्या पुढं माणसं कासावीस होतात. म्हणून तर मी जाहिरातीतच छापलं होतं, रोज ताजी ज्वारीची भाकरी. आईनं ती हौसेनं थापली. कुणी तिला बांधून ठेवलं नव्हतं. लोक तिच्या पाया पडले, ते नाही सांगितलं तिनं?

आता मुद्द्याचं. दुसरी गाडी बारा जानेवारीला सुटते. या खेपेच्या कागदावर बजाबाईंच्या हातची भाकरी असं ठळक छापलं आहे आणि त्यावरच निम्मी गाडी भरली. तेव्हा महिनाअखेर आईला पाठव. या वेळी गिरसप्पा दाखवीन, शब्द देतो.

रागावलीस तरी बहीणच आहेस, हे विसरू नये.

रामहरी

वैराग, २१ डिसेंबर १९७४

चि. रामहरीस,
आशीर्वाद.

तू विचारलंस आणि ती नको म्हणाली! अरे, आपल्या आईनं पहिल्या खेपेला कधी कशाला हो म्हटलंय? ताटावर बसायलासुद्धा तिला तीनदा म्हणावं लागतं. नवं लुगडं घेतलं तर कशाला मेलं, म्हणते आणि रात्री चारदा घडी मोडून बघते. आपल्याकडं बायका आधी नको म्हणतात, मग समोरच्यानं आग्रह करायचा असतो, हात धरून ओढायचं असतं. बाहेरच्या पाहुण्याला हे कळतं. तू तिच्याच पोटचा, आणि तुला कळलं नाही? कळलं होतं. पण तिचं पहिलं नको तुझ्या सोयीचं होतं, म्हणून ते धरून ठेवलंस.

आणि आता आईचं नाव छापलंस! विचारलं तरी होतंस का तिला? गाडी भरली म्हणे. भरू दे. तूच कमरेला पदर खोच आणि थाप भाकरी.

आई येणार नाही. मी पाठवणार नाही. हे मी तिच्यासमोरच लिहिते आहे. ती ऐकत ऐकत ज्वारी निवडते आहे.

सूनबाईच्या खोकल्याला काढा दे. बाकी लोभ होता तितका राहिलेला नाही, तो वाढेल असं काही कर.

मथुरा

वैराग, २ जानेवारी १९७५

चि. रामहरीस,
आशीर्वाद.

आई तुझ्याकडे आहे का, ते उलट टपाली कळव. गेल्या आठवड्यात ती अक्कलकोटला गेली. तुमच्या शेजारी राहणाऱ्या बसम्मा आता तिकडे मुलाकडे असतात ना, त्यांच्याबरोबर स्वामींचं दर्शन घेऊन चार दिवसांत येते म्हणाली. अजून पत्ता नाही. दाजी काल अक्कलकोटला जाऊन आले. बसम्माचा मुलगा मल्लप्पा म्हणतो, दोघी गाठोडी घेऊन गेल्या, कुठे ते सांगितलं नाही.

तू परस्पर तिला नेऊन चुलीपुढे बसवली असशील, तर याद राख. आणि नेली नसशील, तर माझ्या जिवात जीव नाही.

मथुरा

जोग (गिरसप्पा), ४ जानेवारी १९७५

(आमच्या बेळगावच्या शाळेची सहल येथे आली आहे. बजाबाईंनी सांगितले तसेच लिहून दिले आहे. एक शिक्षिका.)

चि. रामहरीला आन मथुराला बजाबाईचा आशीर्वाद.

मी सुकरूप हाय. बसम्मा संगं हाय. तिला कानडी येतं, त्यामुळं कुटं काई आडलं न्हाय. स्वामींचं दर्शन घेतलं आन यष्टी बदलत बदलत हितं आलो. पळापळ करू नगा.

मला तुमचा दोघांचाबी राग आलाय. रामहरी, तू मला पिठाच्या डब्यासंगं नेलंस आन डब्यासंगं आनलंस. माझं नाव छापलंस. बारा तारखेची गाडी तुझी तू ने, मी यायची न्हाय. मथुरा, तू माझ्या बाजूनं भांडलीस, पर त्या पोरी हसल्या तवा मला मेल्यागत झालं. आन येवढी पत्रं लिवलीस, त्यात येकदाबी म्हनली न्हाईस की आई, ऱ्हायलंय न्हवं बघायचं, चल, मी नेते. तुमी भांडत बसला. मला गाडीत कुनी बसवलं न्हाय.

आज सकाळी पानी बघितलं. लोक म्हनत्यात धरनानं आडवलंय, आता कमी हाय, पावसाळ्यात या. मला तेच लई वाटलं. कवाधरनं वाटत हुतं, बघताना रडू येईल. रडू आलं न्हाय, राग आला. तुमी ल्हान हुता तवापास्नं तुमच्या आबांनी येकच हीर खांदली. खडक लागला, सुरुंग लावला, खाली आनि खडक. शेवटच्या दुखन्यात शुद नव्हती, तरी इचारत हुते, वल लागली का. मी व्हय म्हनले. खोटं बोलले. आन हितं येवढं पानी, कुनी न मागता, नुसतं वततंय की.

मग मी कठडा धरून वरडले, आवो, हितं हाय पानी! हितं हाय! सहलीची समदी पोरं गप झाली. बसम्मा म्हनली, गप बाई, लोक बघत्यात. मी आनि येकदा वरडले.

लोभ हाय, रागबी हाय. दोनीबी घिऊन घरी येते.

तुमची आई,
बजाबाई