गाडीची डावी बाजू

१२ जानेवारी २०२५, रविवार

मल्हारनं आज परत गाडी घासली. आमच्याच फाटकाला! डावा आरसा मोडून लोंबकळत होता. त्याला पत्ताच नाही. उतरला, कुलूप लावलं, सरळ आत आला. मी दाखवलं तेव्हा म्हणाला, “लागलं असंल कुणाचं तरी पार्किंगमध्ये.”

रंगाचे ओरखडे फाटकाच्या खांबावर ताजे होते.

रोज बारामतीहून भवानीनगरला जातो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यापासून तोच रस्ता. कधी साधा ओरखडा नव्हता. दिवाळीपासून हे काय सुरू झालंय कळत नाही.

जेवून तो टेबलाशी बसला, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून करायच्या त्याच्या छोट्या गाड्यांशी. सध्या एकाच गाडीची दोन किट्स आहेत – १९५७ सालची, मागं माशाच्या परासारखे पंख असलेली लांबलचक अमेरिकन मोटार. एक किट साठच्या दशकातलं, पुण्यातल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांच्या माळ्यावरून मिळालेलं. ते त्यानं दोन वर्षांपूर्वी जोडलं. दुसरं त्याच साच्यातून खूप वर्षांनी परत काढलेलं. साचा वापरून वापरून झिजतो म्हणे, मग नंतरच्या गाड्यांवर दारांच्या रेषा पुसट येतात. हे दुसरं पूर्ण झालं की दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायची. अशा गाड्या जोडणाऱ्यांचा फोनवर ग्रुप आहे, तिथले लोक वाट बघतायत. सगळ्यात जास्त इंदापूरचे जोतीराम सर, ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ताट वाढून दिलं. भाजी-आमटी चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाला, “आज चटणी न्हाय का केली?”

चटणी, लोणचं, कोशिंबीर – डावीकडचं सगळं ताटात तसंच पडलेलं.

चेष्टा करतोय असं वाटून मी हसले. तो हसला नाही.

१९ जानेवारी, रविवार



मल्हार दुपारी झोपला होता. सकाळीच म्हणाला होता, गाडी पूर्ण झाली, फोटो काढून ग्रुपवर टाक. फोटो नेहमी मीच काढते. दोन्ही गाड्या खिडकीत ठेवल्या. नवी एका अंगावर कलली. उचलून बघितली तर डावीकडचं मागचं चाकच नाही.

मग फिरवून फिरवून बघितली. आकाशी रंग सगळीकडे सारखा, तो डबीतून फवारलेला असतो. पण पुढचं हातानं करायचं काम – चंदेरी पट्टी, दाराची मूठ, आरसा, दारांच्या फटीतली केसाएवढी काळी रेषा – सगळं फक्त उजव्या बाजूला. आणि काय सुबक! डावी बाजू कोरी. मूठ नाही, आरसा नाही, काही नाही. आतली डावीकडची सीटसुद्धा रंगवलेली नाही.

जुनी गाडी हातात घेतली. दोन्ही बाजू सारख्या. चुकून एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

आरसा, ताट, आणि आता ही गाडी.

उद्या सकाळी तो परत स्टिअरिंगवर बसणार. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या.

२० जानेवारी, सोमवार

अडवता आलं नाही. माझं पोट दुखतंय म्हणाले, घरी राहा म्हणाले. तो गेला. कामावर, ग्रंथालयात पुस्तकं लावताना दर थोड्या वेळानं फोन करत होते. शेवटी चिडला – गाडी चालवू का फोन घेऊ?

संध्याकाळी आला. चहा झाल्यावर टेबलावर दोन्ही गाड्या ठेवल्या, तोंड पलीकडे करून, म्हणजे गाडीची डावी बाजू त्याच्याही डावीकडे येईल अशा. विचारलं, फरक सांग.

तो खुलला. नवीच्या दारांच्या रेषा कशा बोथट आहेत, जुनीच्या पुढच्या चाकांची लोखंडी कांडी कशी सरळ इंजिनाच्या पोटातून जाते, खऱ्या गाडीत असं असतं तर काय झालं असतं – सगळं सांगितलं. मी विचारलं, नवी पूर्ण आहे ना? “व्हय की.”

मग मी दोन्ही गाड्या फिरवल्या. तोंडं त्याच्याकडे. कोरी बाजू आता त्याच्या उजवीकडे आली.

त्याचा चेहरा पडला. “हिला कुणी हात लावला?” मी म्हटलं, कुणी नाही. “पट्टी कुणी काढली? चाक कुठं गेलं? संजीवनी, खरं सांग.”

मी गाड्या परत होत्या तशा ठेवल्या.

“आता?”

“आता बरोबर हाय,” तो म्हणाला. आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबला.

दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला. मग उठून गाड्यांवर कापड टाकलं आणि म्हणाला, डोळ्यांचा नंबर बदलला असेल.

२२ जानेवारी, बुधवार

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, आणि तोवर गाडी चालवायची नाही.

बाहेर आल्यावर मल्हार म्हणाला, हे आईला कळता कामा नये. आणि किल्ली मागितलीस तर बघ.

मी किल्ली मागितली नाही. घेतली. पर्समध्ये टाकली.

त्यानं माझ्याशी बोलणं सोडलंय.

२५ जानेवारी, शनिवार

सासूबाई अंथुर्ण्याहून आल्या. उद्या इंदापुरात त्यांच्या भाचीच्या मुलीचं लग्न. मल्हारनं गाडीनं न्यायचं कबूल केलेलं, महिन्यापूर्वीच. दारातच त्यानं आईला सांगितलं की किल्ली माझ्याकडे आहे आणि मी देत नाही.

सासूबाईंचा आवाज चढला. “माझ्या पोराला आंधळा ठरवती का काय?” मी चटणीचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितल्याचंही. छोट्या गाड्याही आणून दाखवल्या. त्या म्हणाल्या, डोळं तर चांगलं हायती म्हणं, मग खेळण्यावरनं माणूस आजारी ठरवायचा व्हय? कटाळला असंल, ऱ्हायलं असंल अर्धं.

मल्हार आईमागं उभा होता, जिंकल्यासारखा. आम्ही कॉलेजपासूनचे. एकटं असताना मी त्याला नावानं हाक मारते, सासूबाईंसमोर अहो म्हणते. आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर म्हणाले, “मल्हार, किल्ली मिळणार नाही.” तोंडातून गेलं.

सकाळी सहाला निघायचं ठरलंय. तो दुसरी किल्ली शोधतोय. कपाट उघडल्याचा आवाज येतोय.

२६ जानेवारी, रविवार

पहाटे उठून मी दुधाची पिशवी घ्यायला गेले, तेवढ्यात त्याला दुसरी किल्ली सापडली. परत आले तर तो स्वयंपाकघरात आवरून चहा पीत बसलेला, किल्ली समोर. सासूबाई नवं लुगडं नेसून त्याच्या शेजारी, डावीकडच्या खुर्चीत. माझ्यावरच्या रागानं गप्प बसलेल्या.

मल्हारनं घड्याळात बघितलं आणि मला विचारलं, “आई कुठं ऱ्हायली? उशीर व्हतोय.”

मी दारातच थांबले. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात त्याच्या हातापासून वीतभर लांब होता.

“मल्हारी,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “मी हितं हाय.”

तो आधी उजवीकडे वळला. मग दाराकडे. मग माझ्याकडे. सासूबाईंनी हात धरला तेव्हा दचकला.

त्यांनी किल्ली उचलून माझ्या हातात दिली. लग्नाला कुणीच गेलं नाही. मल्हार टेबलावर डोकं टेकून रडला. सासूबाई त्याची पाठ चोळत होत्या. मग जागा बदलून उजवीकडे जाऊन बसल्या.

३० जानेवारी, गुरुवार

मेंदूत गाठ. उजव्या बाजूला. तिकडे दाब आला की डावीकडचं जग सुटतं, डॉक्टर म्हणाले. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. पुण्यात ऑपरेशन.

गाठ कसली, ते काढल्यावरच कळणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या ऑपरेशन. जोतीराम सर इंदापूरहून एसटीनं पुण्याला आले. मल्हारशी तासभर साच्यांवर बोलले, आजारावर एक शब्द नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अजून आतच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शुद्धीवर आलाय. मला ओळखलं. मी उजवीकडे उभी होते, मुद्दाम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही! सासूबाईंना फोन केला. त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

पण डावी बाजू आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, येईल थोडी, सगळी येईलच असं नाही. वाट बघा.

२ मार्च, रविवार

घरी. मल्हारनं आज स्वतः दाढी केली. उजवा गाल गुळगुळीत. डावा तसाच. मी वस्तरा घेतला, तर त्यानं हात झटकला. मग स्वतःच म्हणाला, “कर.”

नोकरीचं काय होणार, त्यानं विचारलं. मला माहीत नाही, म्हणाले. खोटं काय सांगायचं?

मी सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकतेय. लायसन लग्नाआधीचं, हिंमत आत्ताची. क्लच सोडला की गाडी उडी मारते.

१३ मार्च, गुरुवार

आज त्यानं ताटातलं लोणचं खाल्लं. पण आधी मी बोटानं दाखवलं होतं. हे सुधारणेत धरायचं की नाही?

१६ मार्च, रविवार

सासूबाईंना भेटायला अंथुर्ण्याला निघालो. मी चालवत होते, घामानं हात निसटत होते, नजर समोरच्या ट्रकवरून हलत नव्हती. मल्हार शेजारी बसलेला. भवानीनगर गेल्यावर एकदम म्हणाला, “हळू घे. डावीकडनं मेंढरं येत्यात.”

मला दिसलीच नव्हती.