एकतिसावा घड्याळजी

३ नोव्हेंबर

फसवलं! सरळ फसवलं. घड्याळं दुरुस्त करता करता खुनी पकडणारा आपला घड्याळजी — तीस पुस्तकांत त्यानं मला कधी दगा दिला नाही. एकतिसाव्यात दिला. पान १४४ वर तो दुकानाचं दार लावून घेतो आणि म्हणतो, "आता मला सगळं कळलं." बस्स! आम्हाला कळायला नको? "समाप्त" एवढं छापायचेही कष्ट नाहीत.

आणि असल्या पुस्तकाच्या हजार प्रती मी बांधल्या. तापातून उठल्या उठल्या. सोळा पानांचा एक फर्मा, असे नऊ फर्मे, क्रमानं रचून, शिवून. घड्याळजी नेहमी नऊ फर्म्यांचाच असतो. आजवर एक पान माझ्या हातून उलटं गेलेलं नाही.

४ नोव्हेंबर

घडीवाल्या मावशींना सांगितलं. त्या आमच्याकडे छापील कागदांच्या घड्या घालतात, वाचता येत नाही. गठ्ठ्यावर ऐसपैस बसून हसल्या. "लग्न मोडल्यासारखं तोंड का रे केलंयस?"

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला नाही कळायचं.

"नाही बाबा. आम्ही आपलं दुमडायचं आणि गप्प बसायचं."

५ नोव्हेंबर

नववीत शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मी याच पुस्तकांतून शिकलो. म्हणून तर एवढा संताप!

लेखकाला पत्र लिहिलं. तीनदा कच्चं, एकदा पक्कं. "आपण संपलात. शेवट करता येत नसेल तर लेखणी खाली ठेवावी." खाली नाव, पत्ता, सही. निनावी लिहायला मी भेकड नाही. पेटीत टाकलं. मग दोनदा परत जाऊन पाहिलं — नीट आत पडलं ना?

६ नोव्हेंबर

तिकीट पुरेसं लावलं होतं ना?

९ नोव्हेंबर

मालक म्हणाले, दुकानांतून प्रती परत यायला लागल्यात. "म्हातारा थकला रे आता." मला बरं वाटलं. खरं आहे म्हणून लिहून ठेवतो.

१२ नोव्हेंबर

उत्तर आलं! अक्षर थरथरतं.

"आपलं पत्र चार वेळा वाचलं. शुद्धलेखन उत्तम आहे. छापलेलं पुस्तक मी स्वतः कधी उघडत नाही, धीर होत नाही. शेवटच्या आठ पानांना सात महिने लागले. वाटलं होतं, या वेळी साधलं. पण आपण तीस पुस्तकांचे वाचक, आपलं खरं असणार. बत्तिसावं अर्धं झालं होतं. काल फाडून टाकलं. आता थांबतो."

शेवटची आठ पानं? लगेच काढून पाहिली. १३७ ते १४४. नुसता पाऊस पडतोय आणि घड्याळजी चहा पितोय. याला सात महिने?

पुन्हा वाचली. पुन्हा तेच.

कोणती आठ पानं?

१३ नोव्हेंबर

सकाळी मावशींना गठ्ठ्यावरून उठवलं. "अरे, अरे! महिनाभर बसतेय त्याच्यावर, आता कुठे बूड जमलं होतं!"

गठ्ठ्याच्या दोरीत चिठ्ठी खोचलेली. तापाच्या आदल्या दिवशीची. माझंच अक्षर, एकही खाडाखोड नाही:

"घड्याळजी ३१. अर्धा फर्मा, पाने १४५ ते १५२. शेवटी लावणे. विसरू नये."