बियाचा दोडका

३० ऑगस्ट, शनिवार

घागर आली! नीलमची पितळेची घागर, तिच्या माहेरची, जिच्यावर बावीस वर्षं माझा डोळा – आज स्वतःच्या हातानं आणून माझ्या ओट्यावर ठेवली. "घ्या आक्का, तुमाला आवडती ना." मी म्हणलं, काय गं, ताप-बीप आलाय का? नुसती हसली.

धाकटी जाऊ माझी. एक अंगण, दोन दारं. आणि चिंगूस अशी की बोलायची सोय न्हाई! दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणार, काडीपेटीतल्या काड्या मोजणार. पाहुण्याला विचारणार, "चहा घेत नसाल ना?" तिनं घागर द्यावी म्हणजे नवलच. चिंचेनं घासली. लखलख करायलीय. लय खुश आहे मी, खोटं कशाला लिहू.

२ सप्टेंबर

नीलमनं शेजारच्या कमलबाईला दोन नव्या साड्या दिल्या. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कमलबाई मला दाखवायला आली – "तुमच्या जावंला झालंय तरी काय?"

काय व्हायचंय? बरी व्हायलीय. मागच्या दिवाळीपासून भिंतीकडं तोंड करून पडून असायची. जेवण न्हाई, बोलणं न्हाई, कारण विचारावं तर कारणही न्हाई. परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू झाल्या तेव्हा कुठं उठून चुलीपाशी आली. आता रडणंही थांबलंय. नागेश भावजी परवा म्हणाले, "वयनी, माझं घर परत आलं." कॉलेजात शिपाई आहेत, साधा माणूस. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

७ सप्टेंबर, रविवार

भाद्रपद पौर्णिमा. वर्षावासाचं, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं ग्रंथवाचन चालू आहे, आश्विन पौर्णिमेला संपंल; बुद्धविहारात बसायला जागा नव्हती. वाचन करणाऱ्या भुजंग गुरुजींनी माइकवरून नीलमचं नाव घेतलं – मोठी सतरंजी दिली, पाण्याचं पिंप दिलं, दानाचा असा आदर्श पाहिजे म्हणाले. सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हणलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

ती खाली मान घालून बसली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

१२ सप्टेंबर

मुद्दाम तिच्या दोरीवर माझ्या ओल्या साड्या टाकल्या. एक शब्द बोलली न्हाई! बावीस वर्षांत पहिल्यांदा.

१८ सप्टेंबर

भावजी हसत हसत मला त्यांच्या सैपाकघरात घेऊन गेले. सगळ्या डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मीठ. हळद. तूरडाळ, खालच्या फळीवर साखर. नीलमचं अक्षर छान आहे.

"कामून गं हे?"

"ह्यांना काई सापडत न्हाई आक्का. सवय लागाय पायजे."

  घरी येऊन चहा केला, तो गोड लागंना, कशानं ते कळलं न्हाई. मग स्वतःलाच शिव्या घातल्या – बाई बरी झाली तरी तुला खुपतंय का?

२५ सप्टेंबर

पाऊस थांबायलाच तयार न्हाई. नीलम जेवली का विचारलं की "आत्ताच जेवले" म्हणती. ताट काई दिसत न्हाई कधी. भावजींना विचारलं, गोळ्या? "तिच्या ती घेती आता. आठ तारखेच्या बुधवारची डॉक्टरांची तारीख पण नको म्हणती. बरं वाटायलंय तिला."

मला बरं वाटत न्हाईये.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नीट लिहिते. 

नीलमचा दोडक्याचा वेल. दरसाली त्यातला एक, चांगला जाडजूड, ती बियाला धरती. चिंधी बांधती त्याला. वेलावरच वाळू देती. एकदा माझ्या लेकानं, सिद्धोधननं, चुकून तोडला तर आठ दिवस आमच्या घराकडं पाहिलं न्हाई तिनं. पोरगं आता पुण्याला नोकरीला लागलं, तरी अजून टोमणा मारती.

आज सकाळी परातभर दोडके घेऊन आली. "वाटून टाका आक्का." त्यात एक होता – देठाला लाल चिंधी.

"हा बियाचा ना गं?"

"खाऊन टाका."

"आन् पुढच्या साली काय लावणार?"

"पुढच्या साली तुमी पाहा की."

दार जरा लोटून घ्या म्हणावं, तशी म्हणाली. आणि गेली. मी चिंधी सोडवत बसले, गाठ सुटंना.

घागर, साड्या, सतरंजी, चिठ्ठ्या. अगं माय गं! जी बाई काडीपेटीतली काडी मोजती, तिनं बी धरलं न्हाई.

तीस वर्षं अंगणवाडीत लेकरं तोलली मी. दारातून आत आलेलं लेकरू वजनात घटलंय का ते काट्याशिवाय कळायचं मला. आणि अंगणातलं माणूस दिसलं न्हाई!

आज तिच्याकडंच निजायला चाललेय. पाठीत चमक भरली म्हणून सांगणार आहे. शेकायला कुणीतरी पायजे.

४ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. सरळ. डाळ निवडत होती. "नीलम, मरायचं मनात हाय का?"

वाटलं होतं, चिडंल, अंगावर येईल. हात थांबला न्हाई तिचा. "हाय," म्हणाली. "पौर्णिमेला वाचन संपू द्या म्हणलं. कार्यक्रमाचा खोळंबा नको."

पौर्णिमा सोमवारी. परवा!

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बुधवारची वाट पाहू नका, आत्ता निघा. तोवर एक मिनिट एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं तुमच्या ताब्यात घ्या. दवाखान्यात ठेवून घ्यावं लागंल.

भावजी अडून बसले. "येडी म्हणतील लोकं, वयनी. शिक्का बसंल. गोळ्या चालू हायत की!"

मी ओरडलेच. "भावजी, वजनाच्या तक्त्यात लाल रेघेखाली गेलेलं लेकरू मी कधी खाऊच्या पुड्यावर घरी ठेवलं न्हाई. आई रडली, बाप भांडला, तरी जीपमधी घालून दवाखान्यात नेलं. हे तसंच हाय! घरी बसून भागायचं न्हाई आता."  ते तसेच गाडी सांगायला गेले, पायात चप्पल न्हाई.

जीपमधी तिचा हात धरून बसले होते. नुसती हाडं. झरी गाव मागं पडल्यावर बोलली. "पाच आठवडे वाटत सुटले, आक्का. सगळे साधु साधु म्हणले. कामून वाटायलीस, म्हणून एकानं विचारलं न्हाई."

 मी घागर घासत होते.

६ ऑक्टोबर

पौर्णिमा. वॉर्डात आहे, तिच्या उशाशी. तिचं तोंड भिंतीकडं.  फसवून आणलं म्हणती. म्हणू दे. गुरुजींचा फोन आला, खीर ठेवलीय म्हणाले.

संध्याकाळ झाली. श्वास चालू आहे. दर घडीला पाहते.

११ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणतात, नवं औषध लागू पडायला दिवस जातील, अजून भरवसा धरू नका. अर्धी भाकर खाल्ली. भिंतीकडंच तोंड.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज तोंड फिरवलं. काई तरी बोलायचं म्हणून मी सांगत होते, तुझी घागर चिंचेनं घासली, आरशासारखी झालीय. तशी उठून बसली. "चिंचेनं? कुणी सांगितलं तुमाला? लिंबू लावायचं असतं तिला! घरी आले की परत पायजे मला."

म्हणलं, देत न्हाई जा.

भांडली! सगळ्या वॉर्डादेखत माझ्याशी भांडली!